नकाशात नसलेला थेंब

आबांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसायला घेतला, तशी चिमटी टेबलावरची हत्यारं बाजूला सारायला लागली. आबा चष्मा पुसायला लागले की समजायचं, आता सेट उघडणार; आणि सेट उघडल्यावर त्यांच्या तोंडून जे निघेल ती काळ्या दगडावरची रेघ. मग समोर गिऱ्हाईक असो, व्याही असो, नाहीतर वरून उतरलेला कोणी असो. मन राखायचं म्हणून त्यांनी आजवर एका बल्बलाही चांगलं म्हटलेलं नव्हतं.

"पेपर पसर," ते म्हणाले.

चिमटीने कामाच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलं. वहिनीने पिशवीतून रेडिओचा रिसीव्हर काढला आणि झोपलेलं पोर खाली ठेवावं तसा दोन्ही हातांनी त्यावर ठेवला. चार बोटं उंच, काळा पत्रा, पुढे चंदेरी रंग दिलेलं प्लॅस्टिक, मध्ये आवाजाचं मोठं बटण. सलूनमध्ये, शिंप्याच्या दुकानात, नव्याने संसार मांडलेल्यांच्या पहिल्या खोलीत, जिथे म्हणून गाणं हवं असतं पण हात आखडता असतो तिथे पाच वर्षं हाच सेट दिसत आला होता. अकरा वर्षांपूर्वी आबांचा मुलगा, चिमटीचा दादा, हे दुकान सोडून रेडिओच्या कारखान्यात गेला, आणि तिथे त्याने स्वतः आखलेला हा पहिला सेट. त्याची जाहिरात आली तेव्हा आबा एवढंच म्हणाले होते, "नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा." त्यानंतर दादाचं नाव या टेबलावर निघालेलं नव्हतं. दादा जाऊन सात महिने झाले, तरीही नाही.

आणि आज रविवारच्या दुपारी, दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं असताना, त्याची बायको त्याचा सेट घेऊन त्याच टेबलासमोर बसली होती.

"घरातलाच आहे," वहिनी म्हणाली. "अगदी पहिल्या खेपेतला. परवापर्यंत वाजत होता, आता नुसता गुरगुरतो."

"बाकीचेही असेच बिघडले?"

"सगळे नाही. पण बरेच. दोन वर्षांपासून परत यायला लागले. दोन घरांत धूर निघाला, एका ठिकाणी पडदा पेटला. माणसांना काही झालं नाही." तिने पर्समधून घडी घातलेला कागद काढला. घड्यांवर तो फाटायला आला होता. "हे कंपनीचं पत्र. दोष आराखड्यात होता, असं लिहिलंय. आराखडा कोणाचा, तर यांचा. घरी बसवलं. त्यानंतर चार महिने हे जेवणाच्या टेबलावर तोच नकाशा पसरून बसायचे. एकेक रेघ तपासायचे. ताट सरकवायला जागा नसायची. म्हणायचे, अगं, मी कुठे चुकलो तेच सापडत नाही. आणि मग तो बसस्टॉपवर..."

तिने पुढचं सांगितलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं. बसची वाट बघता बघता दादा खाली बसला तो उठलाच नाही.

"असू दे गं, असू दे," काका खुर्चीवरून म्हणाले. काका म्हणजे आबांचा धाकटा भाऊ. तिकीट खिडकीच्या मागे बसून तीस वर्षं 'पुढे सरका, पुढे सरका' म्हणण्यात गेली, त्यामुळे कोणतीही गोष्ट एका जागी फार वेळ थांबली की त्यांचा जीव कासावीस व्हायचा. "आता ते उकरून काय मिळणार? गेला तो गेला. कंपन्या काय, त्यांना कोणाच्या तरी डोक्यावर खापर फोडायचंच असतं."

"मलाही तसंच वाटतं, काका. पण वाटून चालत नाही. लेक नऊ वर्षांची आहे. शाळेत तिला कोणीतरी म्हणालं, तुझ्या बाबांच्या रेडिओने आग लागली. घरी येऊन मला विचारते, खरं का गं? मी काय सांगू?" वहिनी आबांकडे वळली. "गोड बोलणारी माणसं मला खूप भेटली, आबा. मला तुम्ही हवे होतात. उघडा आणि काय असेल ते सांगा. चूक त्यांची असेल तर तसं सांगा. मी ऐकेन."

आबांनी चष्मा लावला. "चिमटे, स्क्रू ड्रायव्हर."

चिमटीने दिला. तिचं खरं नाव शाळेच्या दाखल्याबाहेर कोणी वापरलेलं नव्हतं. लहानपणी सेटच्या पोटात पडलेला स्क्रू तिच्या बारक्या बोटांना निघायचा, म्हणून दादाने तिला चिमटी म्हणायला सुरुवात केली, आणि एकोणचाळीस वर्षांची झाली तरी ती चिमटीच राहिली. दादा दुकान सोडून गेल्यापासून ते खरं तर तीच चालवत होती. आबांचा हात कापायला लागला होता. पण हे बोलायचं नाही, असा घरातला न बोललेला करार होता.

आबांनी झाकणाचे स्क्रू काढून एका बशीत ठेवले. आठ निघाले. त्यांनी बशी जवळ ओढून बोटाने ते चाळवले.

"सगळे एका मापाचे," ते स्वतःशीच म्हणाले.

"मग त्यात काय एवढं?" काका म्हणाले.

"कारखान्यात चार तऱ्हेचे लावतात. जो हाताला लागेल तो. मेकॅनिक मग बसतो डोकं धरून. आपले वडील म्हणायचे, एका स्क्रू ड्रायव्हरने अख्खा सेट उघडला पाहिजे." आबा थांबले. "ह्याने भांडून घेतले असणार हे."

"भांडलेच होते," वहिनी एकदम म्हणाली. "आठ दिवस भांडत होते. स्क्रूवरून कोणी भांडतं का, म्हणून मी हसले होते त्यांना."

झाकण निघालं. आबांनी ते उलटं करून उजेडात धरलं आणि त्यांचा हात तसाच राहिला. आतल्या काळ्या पत्र्यावर, कोपऱ्यात, पेन्सिलीने तीन रेघा ओढलेल्या होत्या.

या घराची ही पद्धत. सेट तयार झाला, दुरुस्त झाला, की झाकणाच्या आत तारीख, दोष आणि हाताचं निशाण घालायचं. आजोबांची एक रेघ, आबांच्या दोन, दादाच्या तीन. गिऱ्हाईकाला ते कधी दिसत नाही, पण पुढे जो कोणी उघडेल त्याला कळावं की हे कोणाचं काम. चिमटीला निशाण नव्हतं. एकोणिसाव्या वर्षी ती टेबलाला बसली तेव्हा तिने विचारलं होतं, मी चार घालू का? आबा म्हणाले होते, माझंच घाल, गिऱ्हाईकाला शंका नको. वीस वर्षं ती दोनच रेघा घालत आली होती.

आबांनी झाकण बाजूला ठेवलं, सेटवर टेबलाचा दिवा ओढला आणि वाकले.

"अर्धा डबा तर रिकामाच की!" काका मान लांब करून म्हणाले.

"रिकामा नाही, मोकळा आहे. हवा खेळायला." आबांचं बोट एकेका जागेवर फिरत होतं, न टेकता. "ट्रान्सफॉर्मर लहान आहे. पण गरम भागापासून लांब बसवलाय. पत्र्याला भोकं नेमकी वर पाडलीत, जिथून ऊब निघते तिथे. पुढचं तोंड हलकं आहे, बटणं हलकी, मागची खोबणी तर अगदीच टिनपाट. पण विजेची तार आत येते तिथे गाठ बघ. ओढली तरी सुटायची नाही. फ्यूजशेजारी एक जादा फ्यूज कागदात गुंडाळून चिकटवलाय." ते सरळ झाले. "तोंडावर काटकसर केलीय. पोटात नाही."

एवढी स्तुती आबांच्या तोंडून चिमटीने उभ्या आयुष्यात ऐकली नव्हती. आणि ज्याच्यासाठी ती होती तो ऐकायला नव्हता. वहिनीने पदर तोंडाला लावला. काकांनी उगाच खिडकीबाहेर समोरच्या लाँड्रीकडे बघितलं, तिथे पांढऱ्या चादरींचे गठ्ठे मोजत दोघं जण वाद घालत होते.

चिमटी मात्र आबांच्या खांद्यावरून बघत होती आणि तिला जे बघायचं नव्हतं ते तिला केव्हाच दिसलं होतं. वीज साठवणाऱ्या प्रत्येक मोठ्या कपॅसिटरच्या बुडाशी एकेक थेंब. हरभऱ्याएवढा. मुळात पिवळा असणार. आता चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी.

"थेंब," आबा म्हणाले.

तो थेंबही या घराचाच. रस्ते खराब, गिऱ्हाईक सेट सायकलवर, डोक्यावर, कसाही नेणार. आतले जड भाग हादऱ्याने सुटू नयेत म्हणून आजोबा प्रत्येकाच्या बुडाशी लाखेचा एक थेंब सोडायचे. पुढे लाखेच्या धुराने आबांना खोकला लागला, म्हणून त्यांनी डब्यातला पिवळा गोंद आणला. गल्लीतले बाकीचे मेकॅनिक हसायचे, गोंद कशाला वाया घालवता म्हणून. आबा म्हणायचे, दहा वर्षांनी बघू कोणाचा सेट वाजतोय ते.

आबांनी मीटर घेतलं. त्याच्या दोन सुया थेंबाच्या दोन बाजूंना टेकवल्या. काटा हलायला नको होता. हलला. चांगला हलला. आबांनी सुया उचलल्या, पुसल्या, पुन्हा टेकवल्या. काटा पुन्हा हलला. मग त्यांनी चाकूच्या टोकाने थेंब थोडा खरवडला. खाली एका बारीक भागाचा पाय हिरवाकाळा पडून खाल्ला गेला होता.

"सापडलं?" वहिनीने विचारलं.

"सापडलं." आबा मागे टेकले. "हा गोंद उबेने करपलाय. करपला की त्यातून वीज वाहते. जिथे वाहायला नको तिथे वाहते. आधी गुरगुर, मग धूर."

"पण नकाशात तर..."

"नकाशा चोख आहे. नकाशात कधीच सापडलं नसतं त्याला. गोंद कोणी नकाशात काढतं का?"

वहिनीच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. "म्हणजे चूक यांची नाही!"

आबा चाकूचं टोक पुसत राहिले. काकांनी ती फट अचूक हेरली. "नाहीच मुळी! मी काय म्हणत होतो? नकाशा चोख. स्वतः आबा सांगतायत. गोंद लावणारे कारखान्यातले दुसरेच कोणी. जा, पोरीला सांग. आबा, लावा ते झाकण. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"तू गप्प बस," आबा म्हणाले. "ती खरं विचारायला आलीय." त्यांनी वहिनीकडे बघितलं, आणि चिमटीला दिसलं की त्यांना ते बघणं जड जात होतं. "गोंद कोणीही लावो, लावायला यानेच सांगितलं असणार. ही आपल्या घरची रीत आहे, कारखान्यात कोणाला सुचायची नाही. रीत चांगली होती. पण माल हलका घेतला. अकरा वर्षं मी इथे तोच थेंब लावतोय, त्याच्याही आधीपासून. माझा कधी करपला नाही. शेवटी जे माझ्या मनात होतं तेच झालं, पोरी. तो स्वस्तात गेला. चूक त्याचीच आहे."

वहिनी रडली नाही. तिने पत्राची घडी घातली, एक, दोन, तीन, पुन्हा पर्समध्ये ठेवली आणि पर्सची चेन लावायला लागली. चेन अडकत होती. "बरं," ती म्हणाली. "मीच म्हटलं होतं, ऐकेन म्हणून."

खाई त्याला खवखवे म्हणतात. चिमटीला सहा वर्षं खवखवत होतं, पण ते गिळता येत होतं. आज ते गिळलं असतं तर दादा कायमचा चोर ठरून गेला असता, तोही आबांच्या तोंडून, तोही त्याच्या लेकीपुढे. तिने टेबलाखालचा खण ओढला आणि पिवळ्या गोंदाचा डबा काढून रिसीव्हरच्या शेजारी आदळला.

"माल हलका नव्हता, आबा. हाच आहे. दादा जाताना रिकाम्या डब्यावरचा कागद सोलून घेऊन गेला होता. मी बघितलं होतं. म्हणाला, तिथे आबांचाच गोंद मागवीन."

"मग तो लावण्यात चुकला असणार. माझा करपत नाही."

"करपतो."

काकांचं तोंड उघडं राहिलं.

चिमटीने मागच्या फळीवरून गल्लीतल्या चष्मेवाल्याचा ॲम्प्लिफायर उतरवला. गुरुवारी आला होता, नुसता गुरगुरतो म्हणून. झाकण तिने आधीच सैल केलं होतं. तिने ते उलटं करून आबांपुढे धरलं. नऊ वर्षांपूर्वीची तारीख, आणि खाली आबांच्याच हाताच्या दोन रेघा, डावीकडे किंचित कललेल्या. मग तिने दिव्याखाली सेट सरकवला. बुडाशी थेंब होता. तपकिरी.

आबांनी मीटरच्या सुया हातात घेतल्या. टेकवल्या मात्र नाहीत.

"हा पहिला?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"कितवा?"

"मोजले नाहीत. सहा वर्षांपूर्वी पहिला आला. आता महिन्याला एखादा येतो. तुम्ही दुपारी आडवे होता तेव्हा मी खरवडून काढते, भाग बदलते आणि देऊन टाकते."

"झाकणात काय लिहितेस?"

"सैल टाका." सोल्डरचा जोड निसटला की लिहायचा तो साधा दोष. "सैल टाका लिहिते, आणि दोन रेघा. तुमच्या."

वीस वर्षं दुसऱ्याचं निशाण घातल्याचा एवढाच फायदा झाला होता: त्यामागे लपायला भरपूर जागा होती.

"का?" आबांनी विचारलं. रागाने नाही. खरंच कळलं नसावं तसं.

"तुमच्यासाठी! दादा सोडून गेला, तुमचा हात कापायला लागला, आई आजारी. तुमच्याकडे उरलं काय होतं? एवढाच एक थेंब. गिऱ्हाईकाला अभिमानाने दाखवायचात. मी कुठल्या तोंडाने सांगणार होते की तोच सेट खातोय?"

"अगं, पण..." काका काहीतरी सांधायला गेले.

"थांबा, काका." वहिनी उभी राहिली होती. ती चिमटीकडे बघत होती, आणि ते बघणं चिमटीला सहन होईना. "सहा वर्षं म्हणालात ना, वन्सं? यांचा सेट निघून पाच झाली."

"हो."

"म्हणजे तो निघायच्या आधी तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"पण हे तिथे तोच गोंद लावतायत हे कुठे ठाऊक होतं तुम्हाला? कागद नेला म्हणून काय झालं, बोलणं तर नव्हतं तुमचं..." वहिनी तिला वाट काढून देत होती. खरंच देत होती. चिमटीने त्या वाटेने जायचं ठरवलं असतं तर कोणी अडवणार नव्हतं.

"ठाऊक होतं," ती म्हणाली. "आई गेली तेव्हा दादा आला होता. आबा समोरच्या खोलीत, म्हणून तो मागच्या नळापाशी उभा होता. मी घागर भरायला गेले. सहा वर्षांनी बोलत होतो आम्ही. डोळे सुजलेले त्याचे. मला म्हणाला, चिमटे, एक गंमत सांगू? पुढच्या महिन्यात माझा सेट निघतोय, आणि त्यात आबांचा थेंब आहे. मॅनेजर म्हणाला कशाला खर्च, मी म्हटलं आमच्या घरचा आहे, लागणारच. म्हणाला, आबांना सांगू नकोस, कधीतरी उघडतील तेव्हा कळेल त्यांना. आणि हसला. त्या दिवशी त्या घरात तो एकटाच हसला असेल. माझ्या तोंडाशी आलं होतं, दादा, नको लावूस. अगदी ओठांवर. पण मला वाटलं, आज नको. आज आई गेलीय, आज तरी हसू दे. उद्या फोन करीन."

"मग?"

"मग उद्या केला नाही. केला असता तर त्याने आबांना विचारलं असतं. आबांना कळलं असतं. म्हणून परवा. म्हणून मग नाहीच."

वहिनी खाली बसली, खुर्ची आहे की नाही हेही न बघता. "चार महिने," ती म्हणाली. "चार महिने तो माणूस नकाशावर मान मोडून बसला. रात्री उठून बसायचा. आणि तुम्हाला माहीत होतं. एक फोन हो, वन्सं. एक फोन! मला केला असतात तरी चाललं असतं." आता ती रडत होती, मोठ्याने, लाँड्रीवाल्यांना ऐकू जाईल एवढ्याने. "तुम्हाला शाप द्यावा असं वाटतंय मला. आणि त्यांना कळलं तर ते माझ्यावरच ओरडतील, माझ्या चिमटीला बोलू नकोस म्हणून."

चिमटीने ॲम्प्लिफायरचं झाकण खाली ठेवलं. माफ करा म्हणावं, तर ते एखाद्याच्या घराला आग लावून हातात काडेपेटी परत दिल्यासारखं झालं असतं. ती नुसती उभी राहिली. काकांनी उठून वहिनीला पाणी दिलं, आणि एकदाही पुढे सरका म्हणाले नाहीत.

आबांनी गोंदाचा डबा हातात घेतला. मग त्यांनी त्याचं झाकण घट्ट लावलं आणि तो पायाशी, कचऱ्याच्या टोपलीत ठेवला.

"तू मला सांगितलं असतंस," ते चिमटीला म्हणाले, "तर मी ओरडलो असतो. तुझ्यावर विश्वास ठेवला नसता. दोन दिवस जेवलो नसतो. तिसऱ्या दिवशी मात्र त्याला फोन केला असता. करावाच लागला असता ना? तो लावतोय हे तू सांगितल्यावर बाप म्हणून नाही, तर मेकॅनिक म्हणून तरी." त्यांनी चष्मा काढला. "अकरा वर्षं मी कशाची तरी वाट बघत होतो, चिमटे. काहीतरी निमित्त मिळावं, आणि मला फोन उचलता यावा. मला एवढं पुरलं असतं गं."

चिमटीला वाटलं होतं, आबा हात उगारतील, निघून जा म्हणतील. त्याची तिची तयारी होती. याची नव्हती. तिने टेबलाची कड धरली आणि सात महिन्यांपूर्वी स्मशानातही न फुटलेला हुंदका तिला तिथे, गोंदाच्या वासात, फुटला.

कोणी तिला उगी म्हणालं नाही. तिचं तिनेच आवरलं, तोंड पुसलं, आणि दुसरं काही सुचेना म्हणून सोल्डरिंग आयर्न लावलं. एकेक थेंब खरवडून काढला. खाल्लेले भाग काढून नवे घातले, स्पिरिटने जागा पुसली. दादाचे टाके बारीक आणि चकचकीत होते, एकही सैल नव्हता. तास-दीड तास गेला. वहिनी निघून गेली नाही. ती हात मांडीवर ठेवून बघत राहिली. शेवटी चिमटीने स्पीकरच्या तारा जोडल्या आणि बटण फिरवलं. आत एक बारीकसा टक् झाला, आणि कुठल्यातरी बाईचा आवाज दुकानभर पसरला, ती उद्याच्या हवामानाबद्दल सांगत होती. गुरगुर नव्हती. आवाज फार चांगला होता. वहिनीने हात वर केला, तशी चिमटीने तो बंद केला.

"लेकीला सांग," आबा वहिनीला म्हणाले, "तुझ्या बापाचा नकाशा चोख होता. आग लागली ती एका चुकीने, आणि ती चूक त्याला तुझ्या आजोबांनी, म्हणजे मी, शिकवली. तो सगळ्या जगाशी भांडला, पण त्या एका गोष्टीत त्याने बापाचं ऐकलं. असंच सांग. तिला माझा राग आला तर येऊ दे. मी घरी येऊन पुन्हा सांगीन."

मग त्यांनी कानामागची पेन्सिल काढली, झाकण उलटं केलं आणि दादाच्या तीन रेघांच्या खाली थरथरत्या हाताने तारीख घातली. दोष, असं लिहिलं. पुढे लिहिलं, थेंब. आणि पेन्सिल चिमटीपुढे धरली.

तिने सवयीने दोन रेघांसाठी हात टेकला.

"दोन नाही," आबा म्हणाले. "चार घाल. तुझं काम आहे. चांगलंही आणि वाईटही."

वीस वर्षं तिने या चार रेघा मनात शेकडो झाकणांवर ओढल्या होत्या. पहिली ओढली. दुसरी. तिसरीपाशी ती थांबली, कारण वरच्या तीन अगदी तशाच दिसत होत्या, तितक्याच कललेल्या. मग तिने चौथी ओढली.

वहिनीने झाकण आपल्याकडे ओढून घेतलं. ती त्यावर वाकली आणि वरच्या तीन रेघांपैकी एकेकीवरून बोट फिरवत गेली, पेन्सिल पुसणार नाही इतक्या हलक्या हाताने. खालच्या चारांपाशी तिचं बोट थांबलं. तिने ते उचलून घेतलं.

"स्क्रू द्या," ती म्हणाली. "झाकण मी लावते."

चिमटीने बशी तिच्यापुढे सरकवली. आबांनी चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर ठेवला आणि मागच्या फळीकडे बोट केलं. तिथे त्यांच्या हातचे, बुडाशी तोच थेंब असलेले सेट ओळीने उभे होते.

"कडेचा काढ," ते म्हणाले. "पहिल्यापासून बघू."